पहिल्या लेकराचं नाव

शेजारणीचं दुःख आपल्याएवढंच असावं आणि हसू मात्र तिला आपल्यापेक्षा जास्त यावं, याइतकं जिवाला झोंबणारं दुसरं काही नाही. शेजारीण सुखी असेल तर माणूस आपल्या नशिबाला बोल लावून मोकळा होतो. पण तिच्या घरीही तेच, आपल्या घरीही तेच, आणि तरी ती हसते! मग बोल लावायचा कुणाला? मिझाचं नेमकं हेच झालं होतं, आणि ते ती कुणाला सांगूही शकत नव्हती.

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर आमचं गाव. ओहोटीला समुद्र दूर मागे सरतो आणि गावातल्या बाया त्याच्या मागोमाग गुडघाभर पाण्यात उतरतात. तिथे खुंट्यांना दोर ताणलेले असतात आणि दोरांना समुद्रशेवाळाचे फुटवे बांधलेले असतात. वाढलेलं काढायचं, नवं बांधायचं, वाळवून व्यापाऱ्याला द्यायचं. पुरुष होड्या घेऊन मासळीमागे जातात, पण घरातलं तेलमीठ आणि मुलांचे गणवेश या शेवाळावरच निघतात. त्यामुळे बाया शेवाळाला लेकरासारखं जपतात. काही जणी तर लेकरापेक्षा जास्त.

मागच्या रमझाननंतर मिझाच्या शेजारच्या घरात तातू राहायला आली. तिचा थोरला मुलगा मकामे. त्याचे पाय जन्मापासून लुळे, पण तोंड आणि बोटं दोन्ही भरधाव. तातू त्याला एकचाकी हातगाडीत चटई घालून बसवायची आणि रोज ओहोटीला किनाऱ्यावर आणायची. जंगली बदामाच्या झाडाखाली बसून मकामे दोरांना फुटवे बांधायचा आणि बांधता बांधता बायांच्या नकला करायचा. ठसक्यातली म्वाजुमा दोर कसा ओढते, तर नवऱ्याला चहाच्या टपरीवरून ओढून आणावं तसा! बाया पाण्यात उभ्या राहून पोट धरून हसायच्या. म्वाजुमा त्याला शिव्या घालायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी गरम मांडाझी, म्हणजे मैद्याच्या गोड पुऱ्या, तळून आणायची.

"मकामेची आई, तुझ्या लेकाला आवर गं," अशी हाक सारखी कानावर यायची, आणि तातू लांबून "ओ" द्यायची. ती ओ मिझाच्या काळजात काट्यासारखी जायची. तिला वाटायचं, काय म्हणून एवढी मिरवते ही? असं मूल झाल्यावर बाईने मान खाली घालून चालायचं असतं. आपण नाही का चाललो?

आता ही हाकेची भानगड सांगायला हवी. आमच्याकडे बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि ती अमक्याची आई होते. तुमच्याकडेही आळीत असंच चालतं. पण आमच्याकडे त्यात पळवाट नाही. मुलगा असो की मुलगी, हाक पहिल्या लेकराच्याच नावाने. मिझाचं पहिलं लेकरू झुहुरा, आणि सुरुवातीला सगळं गाव मिझाला झुहुराची आईच म्हणायचं. मग झुहुरा चालायला लागली आणि कळलं, की मागे पातेलं पडलं तरी पोर मान वळवत नाही. सासू म्हणाली, हे आईचंच काहीतरी पाप. नवरा वुआई काही म्हणाला नाही, तो होडी घेऊन निघून गेला. मिझाने वैद्य केले, मंतरलेलं पाणी पाजलं, आणि शेवटी पोरीला मागच्या अंगणात ठेवायला सुरुवात केली.

पुढे खतिबू झाला. खणखणीत रडणारा, हाकेला धावणारा. तेव्हापासून कुणी "झुहुराची आई" अशी हाक मारली, तर मिझाला ती ऐकूच येईना. "खतिबूची आई" म्हटलं की मात्र ती लगेच वळायची. ज्या घरात एकीला ऐकू येत नव्हतं, तिथे आता दोघी बहिऱ्या झाल्या! गावाने काय ओळखायचं ते ओळखलं आणि हळूहळू हाक बदलली. कुणी हसलं नाही की कुणी विचारलं नाही. बिचारीला जपायचं म्हणून सगळे तसंच म्हणू लागले. झुहुराला यातलं काहीच कळलं नाही. आईच्या नावातून आपण पुसले गेलो, हे तिला कळणार तरी कसं?

अशा मिझाच्या भिंतीला भिंत लावून तातू आली होती.

मिझाने आधी आमच्या बायांचं नेहमीचं हत्यार काढलं. आमच्याकडे बाया कांगा नावाचं छापील कापड जोडीने वापरतात, आणि त्याच्या काठावर एक म्हण छापलेली असते. जिला टोमणा मारायचा तिच्यासमोर बरोबर त्या म्हणीचा कांगा नेसून जायचं, तोंड उघडायची गरज नाही. मिझाने बाजार धुंडाळून जांभळ्या रंगाची जोडी आणली. तिच्यावर छापलं होतं, 'हसतेस ते आम्हाला दिसतं, रडतेस ते देवाला.' तो नेसून ती तातूच्या दोन हात पुढून अशी चालली की म्हण नीट वाचता यावी.

तातूने वाचली आणि म्हणाली, "खरं आहे की. देवाला दिसतं तेवढं पुरे. रंग छान आहे गं, मला पण आणशील का असला?"

मिझाला त्या रात्री भात गिळवला नाही. टोमणा मारावा आणि समोरच्या बाईने रंगाचं कौतुक करावं, यापेक्षा मोठा अपमान कुठला!

पण खरा घाव पुढेच होता. एका संध्याकाळी मिझा विहिरीवरून परतली तर मागच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. मोठा, ओबडधोबड, मोकळा आवाज. असं कोण हसतं आपल्याकडे, म्हणून ती वाकून बघते तर झुहुरा! दोन घरांमधली प्रवाळदगडाची भिंत एका जागी ढासळली होती. पलीकडे मकामे चटईवर बसला होता आणि अलीकडे झुहुरा. दोघांची हातवाऱ्यांची भाषा चालली होती, त्यांची त्यांनीच बनवलेली. झुहुराला काही विचारायचं असलं की ती भुवई उंचावते, म्हणून मकामेने तिचं नावच तसं ठेवलं होतं. भुवईवर बोट टेकवलं की झुहुरा. शेजारी तातू कसावाचे कंद सोलत बसली होती, आणि तीसुद्धा भुवईवर बोट टेकवून पोरीला काहीतरी विचारत होती.

आपल्या लेकीचं हसू मिझाने तोवर ऐकलंच नव्हतं. ते पहिल्यांदा ऐकू आलं तेही दुसरीच्या दारात. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती पेटली. गावाचं प्रेम हिला, बायांचं हसू हिला, आणि आता माझी पोरही हिलाच? तिने झुहुराचं मनगट धरून तिला आत ओढलं आणि ढासळलेल्या जागी माडाच्या झावळ्या उभ्या केल्या.

त्याच सुमारास शेवाळाला रोग पडला. हिरवे-तपकिरी फुटवे पांढरे पडायचे, मऊ व्हायचे आणि दोरावरून गळून जायचे. म्वाजुमा एक पांढरी काडी हातात घेऊन म्हणाली, "हे असलं आधी कधी नव्हतं बाई."

मिझा शेजारीच उभी होती. "आधी किनाऱ्यावर बरंच काही नव्हतं," ती म्हणाली, आणि तिने मान वळवून बदामाच्या झाडाकडे पाहिलं.

एवढंच. पुढचं काम अफवेने केलं. शंकेला पाय नसतात म्हणतात, पण ती आमच्या गावात आपल्या सगळ्यांपेक्षा जलद चालते. संध्याकाळपर्यंत प्रत्येक चुलीपाशी हेच: पोर आलं आणि शेवाळ सडलं. दुसऱ्या दिवशी बायांनी तातूला गोड शब्दांत सांगितलं, की काही दिवस मुलाला घरी ठेव. कुणी तिच्या डोळ्यांत बघून बोललं नाही.

तातू एकटी येऊ लागली. बदामाखालची जागा रिकामी राहिली, किनारा गप्प झाला, आणि शेवाळ तसंच सडत राहिलं. मिझाला वाटलं होतं, आता बरं वाटेल. तिला दोन दिवस बरं वाटलंही, खोटं कशाला सांगू!

तिसऱ्या दिवशी म्वाजुमाला तातूची दया आली. तातूची धाकटी मुलगी सिमाई, चांगली धट्टीकट्टी. म्वाजुमाने मायेने हाक मारली, "सिमाईची आई, जरा ही टोपली धर गं."

तातू वळली नाही. पुन्हा हाक आली, तरी ती खाली वाकून गाठी मारत राहिली. तिसऱ्यांदा हाक आल्यावर ती कंबर सरळ करून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सिमाई माझी आहेच. पण मला आई मकामेने केलं. त्याच्या नावाने हाक मारायची नसेल तर मला हाक मारू नका."

मिझाच्या हातातला दोर सुटला. त्याच युक्तीने, त्याच मायेने गावाने एकदा तिलाही दुसरं नाव दिलं होतं. तातूही आज तिच्यासारखीच ओ द्यायची थांबली होती. पण तातू लेकाला धरून ठेवण्यासाठी, आणि आपण लेकीला पुसण्यासाठी! हा विचार मिझाने झटकला, पण घरी जाईपर्यंत तो पाठीमागे येत राहिला.

संध्याकाळी बी हिदाया आली; मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने बी म्हणतात. ती बायांच्या गटाची म्होरकी आणि गावाची जुनी सुईण. अर्धं गाव तिच्याच हातांनी जगात आलेलं. नारळाची खवणी मागायला आले म्हणाली, पण बसली मागच्या अंगणात, जिथे झुहुरा काथ्या कुटत होती.

"ही कोण गं?" तिने विचारलं.

"चेष्टा करता का बी? तुमच्याच हातावर जन्मली."

"मला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मिझाने लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "झुहुरा. माझी पहिली."

"पहिली ना? मग गाव तुला खतिबूची आई का म्हणतं?"

"गावच म्हणतं. मी कुणाला सांगायला गेले नव्हते."

"नाही गेलीस. तू फक्त ओ द्यायची थांबलीस. आणि आम्ही मोठ्या शहाण्या! म्हटलं, बिचारीची लाज झाकू या. झाकली कुठे? लाज तशीच राहिली, झाकली गेली ती पोर. त्यात मीही आले, मिझा. मी सुईण, मला तरी बोलायला हवं होतं." म्हातारीने काथ्याचा एक धागा उचलून बोटाभोवती गुंडाळला. "तातू तुला का खुपते सांगू? तिने तुझं काही घेतलेलं नाही. तू जे टाकलंस ते ती डोक्यावर घेऊन फिरते, म्हणून खुपते."

मिझा रडायला लागली. म्हणाली, तुम्हाला सोपं आहे बी. सासूने पाप म्हटलं, नवरा महिनामहिना समुद्रावर. उद्या लोक खतिबूच्या लग्नाच्या वेळीही विचारतील, याच्या घरात असं आहे का. मी काय करायचं होतं?

"तू घाबरलीस, यात पाप नाही," बी हिदाया म्हणाली. "पण तुझी भीती तू दुसऱ्याच्या लेकरावर लोटलीस, ते मात्र पाप. शेवाळ गरम पाण्याने सडतंय. उथळातलं आधी गेलं, खोलातलं अजून टिकून आहे, माझे पायच मला सांगतात. पण बाया माझं ऐकत नाहीत. उद्या बसणार आहेत, मकामेला गावाबाहेर धाडा म्हणून. शंका ज्या तोंडातून निघाली, त्याच तोंडाने ती गिळावी लागते."

खवणी न घेताच ती निघून गेली. झुहुराने आईकडे पाहून भुवई उंचावली. इतक्या वर्षांत मिझाने लेकीची भाषाच शिकून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाया बदामाच्या झाडाखाली जमल्या. तातू कडेला बसली होती, मांडीवर मकामेची चटई घडी घालून. म्वाजुमा म्हणाली, आम्हाला मुलाचं वाईट नको, पण पोटाचं काय? शहरात तातूचा भाऊ आहे, त्याच्याकडे पाठवून द्यावं. दोघीतिघींनी माना हलवल्या. एवढ्यात एक नवी सून बोलून गेली, "मग एकालाच का? खतिबूच्या आईकडेही आहे की एक."

सगळ्या मिझाकडे वळल्या.

म्वाजुमानेच तिला सावरलं. "तिचं वेगळं," ती हळूच म्हणाली. "तिची कुणाला दिसत तरी नाही."

सुटका झाली होती. फक्त गप्प बसायचं, बस! मकामे जाईल, झावळ्यांमागे झुहुरा राहील, आणि कुणी काही म्हणणार नाही. मिझाने तातूकडे पाहिलं. तातू चटईच्या कडेची सुटलेली पात पुन्हा विणत बसली होती. आणि 'दिसत तरी नाही' हे शब्द मिझाच्या कानात राहिले. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे होते ते.

ती उठून उभी राहिली.

"मकामेचं नाव मी काढलं," ती म्हणाली. "काढलं असंही नाही, नुसती मान वळवली. पण मला ठाऊक होतं मी काय करतेय. अशा लेकरामुळे शेवाळ सडत असतं, तर माझे दोर सगळ्यांत आधी सडायला हवे होते. माझ्या घरात माझी झुहुरा इतकी वर्षं आहे, आणि तितकी वर्षं माझं शेवाळ तुम्हा सगळ्यांपेक्षा दाट आलंय. म्वाजुमा, तूच विचारायचीस ना, काय घालतेस म्हणून?"

म्वाजुमाने मान खाली घातली.

"मला तातूचं हसणं बघवत नव्हतं," मिझा पुढे म्हणाली. "माझी पोर तिच्या दारात हसली, ते तर मुळीच बघवलं नाही. एवढंच आहे सगळं. आणि आता मला खतिबूची आई म्हणू नका. मला त्याच्याआधी एक लेक आहे."

मग बी हिदायाने जागेवरूनच हाक मारली, अगदी पूर्वीसारखी, "झुहुराची आई!"

किती वर्षांनी ती हाक आली! मिझा वळली.

"ओ," ती म्हणाली.

तातूने काही तिला लगेच मिठी मारली नाही. अशी मिठी गोष्टीतच मारतात. ती म्हणाली, "माझ्या मुलाला तू घरात कोंडायला लावलंस. ते मी पटकन विसरणार नाही. पण उद्या ओहोटीला पोरीला घेऊन ये. तो तिची वाट बघतो, आणि ती का येत नाही, या त्याच्या रोजच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं."

दुसऱ्या दिवशी मिझा लेकीचा हात धरून गावाच्या मधल्या रस्त्याने किनाऱ्यावर आली. मागच्या वाटेने नव्हे. बदामाखाली हातगाडी उभी होती. झुहुराला बघताच मकामेने भुवईवर बोट टेकवलं आणि मग तो बायांकडे वळून ओरडला, "अशा नुसत्या बघत काय बसलात? हिला तुमच्या हाका ऐकू येत नाहीत. तिच्या आईला हाक मारायची तर अशी मारा." त्याने आधी छातीवर तळवा ठेवला, मग भुवईवर बोट. आई, झुहुराची.

पहिल्यांदा म्वाजुमाने तसं केलं. हातात ओला दोर होता, त्यामुळे भुवईवर शेवाळ लागलं आणि सगळ्या हसल्या. मग बी हिदायाने केलं, मग त्या नव्या सुनेने, मग पाण्यातल्या एकेकीने. झुहुरा या हातांकडून त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने आईकडे वळून भुवई उंचावली, खरंच का, म्हणून. मिझाने छातीवर तळवा ठेवला आणि भुवईवर बोट टेकवलं. झुहुरा हसली, तसंच मोठं, ओबडधोबड. आज ते हसू मिझाला झोंबलं नाही.

पुढे बायांनी खुंट्या खोल, गार पाण्याकडे सरकवल्या. काही दोर वाचले, काही गेले. दोन्ही लेकरांना शाळेत घ्या म्हणून हेडमास्तरांकडे दोघी आया बरोबर गेल्या आणि मागे अख्खा गट गेला. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं. ते भांडण अजून चालू आहे, आणि म्वाजुमा त्यात सगळ्यांत पुढे असते. एक दिवस मिझाने तातूच्या हातात कापडाचं एक पुडकं ठेवलं. त्या जांभळ्या जोडीतला दुसरा कांगा. तातूने म्हण पुन्हा वाचली आणि म्हणाली, "आता दोघींच्या अंगावर एकच टोमणा, मग गं कुणी कुणाला मारायचा?"

हेवा एका घरात मात्र शिल्लक राहिला. खतिबू रुसला. सगळे आईला त्याच्या नावाने हाक मारायचे, ते बंद झालं म्हणून तो जेवेना. बी हिदायाने त्याला जवळ बसवून सांगितलं, "तू दुसरा आहेस. दुसरा म्हणजे कमी नव्हे. पण पहिल्याला पुसून मिळालेली जागा कुणालाच पुरत नाही रे." त्याला किती कळलं देव जाणे, पण दुपारी तो बहिणीकडून हातवारे शिकत बसला होता.

वाचकहो, आपल्यातल्या कितीतरी घरांत अशी एक मागची खोली असते, आणि कितीतरी गावं ती दिसत नाही असं दाखवण्याला चांगुलपणा म्हणतात. तो चांगुलपणा नव्हे. आपण गप्प बसतो तेव्हा त्या घराची लाज झाकत नसतो, एका जिवंत लेकराला हळूहळू नाहीसं करत असतो. आणि ज्या शेजाऱ्याचं हसू आपल्याला खुपतं, त्याच्याकडे एकदा नीट बघा. आपण जे करायला घाबरलो, ते कदाचित तो करत असेल. लेकराला हाक ऐकू येवो न येवो, त्याच्या नावाने हाक आली की आईने ओ द्यायची असते.